धुतलेला आवाज

माझ्या सासूबाईंच्या नाकावर राग असतो, हे आमच्या गल्लीत पेपरवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, हा राग खास सुनेसाठी राखून ठेवलेला असणार. वर्षभरात कळलं की त्यात सगळ्यांना सारखा वाटा मिळतो. मुलगा, सून, शेजारी, टीव्हीवरचे बातम्यावाले, कुणी उपाशी राहत नाही. पण मी सांगणार आहे तो राग या रोजच्यातला नव्हे. तो आधी त्यांचा होता, आता माझाही झाला आहे. लोक म्हणतात, झालं गेलं विसरून जा. मी नाही विसरणार.

सासूबाई एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. कानाला हेडफोन लावून खरखरणाऱ्या लाइनवर पलीकडच्या माणसाला नावं समजावून सांगायची, हे त्यांचं काम. नाव एकदम सांगितलं की वाटेत सांडतं, तोडून सांगितलं की पोचतं, हे त्यांचं आयुष्यभराचं शहाणपण. स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर एक आठवडा त्या घरी बसल्या. तो आठवडा आम्ही कसा काढला ते आमचं आम्हाला माहीत. आठव्या दिवशी त्या श्राव्य ग्रंथालयात वाचक म्हणून नाव नोंदवून आल्या.

श्राव्य ग्रंथालय म्हणजे अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं मोठ्यानं वाचून त्यांच्या कॅसेट करणारी संस्था. ती आहे एका चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. यावर सगळे एकेकदा हसून घेतात, तिथं येणारी मुलं सगळ्यात जास्त. कथा-कादंबऱ्या वाचायला तिथं हौशी मंडळींची झुंबड असायची. रडायच्या जागी आवाज कापरा करायचा, हसायच्या जागी खुलवायचा, मग खाली चहा पिताना एकमेकांचं कौतुक करायचं. विज्ञानाची पुस्तकं मात्र कपाटात धूळ खात पडलेली. उष्णतेच्या धड्यात कुणाचा आवाज कापरा होणार? ‘ही कुणी वाचत नाही’ एवढं ऐकलं आणि सासूबाईंचं डोकं फिरलं. त्यांनी सगळा गठ्ठाच उचलला. स्वतः त्या शाळेनंतर विज्ञानाच्या वाटेला कधी गेल्या नव्हत्या.

पहिल्याच वर्षी एक विद्यार्थी काठी टेकत जिना चढून आला आणि म्हणाला, “बाई, थर्मोडायनॅमिक हा शब्द तुम्ही त्या धड्यात सत्तर वेळा वाचलाय आणि सत्तरही वेळा गिळलाय. मला तो पेपरात सांगताच आला नाही.”

‘सांगताच आला नाही’ म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं नव्हतं. अंध विद्यार्थी पेपरात उत्तर तोंडानं सांगतो आणि शेजारी बसलेला लेखनिक ते लिहितो. लेखनिक त्या विषयातला नसावा असा नियम आहे, नाहीतर तोच आपल्या मनानं लिहून द्यायचा. म्हणजे पेपर भौतिकशास्त्राचा, तोही इंग्रजीत, आणि लिहिणारा इतिहासाचा किंवा कॉमर्सचा. एवढा लांब शब्द त्याच्या कानावर आदळला की तो भेदरून काहीतरी खरडतो. मार्क जातात ते सांगणाऱ्याचे.

सासूबाई त्या दिवशी धुमसतच घरी आल्या. मला वाटलं, त्या मुलावर चिडल्या.

“त्याच्यावर कशाला चिडू?” त्या म्हणाल्या. “खरं तेच बोलला. जन्मभर लोकांची नावं फोडून सांगितली आणि हा शब्द मला फुटेना म्हणून गिळत बसले. लाज वाटायला हवी मला!”

मग घरात एक जाडजूड इंग्रजी शब्दकोश आला. त्यात प्रत्येक शब्दाच्या पोटात बारीक टिंबं असतात, कुठं तोडायचं ते दाखवणारी. त्या टिंबांवर बोट ठेवून सासूबाई स्वयंपाकघरात मोठ्यानं म्हणायच्या, “थर, मो, डाय, नॅम, इक.” या पाच तुकड्यांना त्या घास म्हणायच्या. पुढं त्यांना कळलं की घास निराळे आणि सांधे निराळे. शब्द पाच घासांचा असला तरी तो जोडलाय तीन भागांचा. थर्मो म्हणजे उष्णता, डायनॅम म्हणजे शक्ती, आणि शेवटचा इक म्हणजे नुसतं ‘त्याच्या संबंधीचं’.

“अगं, आपल्यातही तेच आहे की!” त्या दिवशी त्या इतक्या खूश झाल्या की मी गॅस बंद करून ऐकत राहिले. “याला मराठीत उष्मागतिक म्हणतात. त्यांचंही शेपूट इक, आपलंही इक. सामाजिक, मासिक, थर्मोडायनॅमिक. बघ, एका माळेचे मणी!”

इंग्रजीत शेवटी इक आला की जोर त्याच्या आधीच्या घासावर पडतो, हेही त्यांनी हुडकून काढलं. डायनॅम-इकमध्ये तो ‘नॅम’वर. नवऱ्यानं चेष्टेनं म्हटलं, आई, थर्मो आणि डायनॅम दोन्ही तुझ्यातच आहेत, तर त्याला चमच्याचा प्रसाद मिळाला.

यातून त्यांनी वाचायची एक रीत बसवली. अवघड शब्द आला की आधी तो अख्खा म्हणायचा. मग फोडायचा. एका घासानंतर पेन्सिलीच्या मागच्या टोकानं टेबलावर एक टक. भागाचा सांधा आला की दोन टक. शब्द संपला की तीन. ज्या घासावर जोर, त्याची टक जरा जोरात. मग अर्थ मराठीत, आणि पुन्हा अख्खा शब्द. ऐकणारी मुलं ब्रेलमध्ये टिपून घेत, आणि त्यांना शब्द कुठं वाकतो आणि कुठं जोडलाय ते बरोबर कळे. पुढं ती मुलं परीक्षेतही तेच करू लागली. लेखनिकाला आधीच सांगून ठेवायचं, एक टक म्हणजे शब्द चालू, दोन म्हणजे नवा भाग, तीन म्हणजे संपला, आता जागा सोड. इतिहासवाला लेखनिकसुद्धा मान खाली घालून मुकाट्यानं बरोबर लिहायचा. मुलं सासूबाईंना टकटकबाई म्हणायला लागली. त्यांना ते मनापासून आवडायचं, पण कबूल करतील तर शपथ.

एकोणीस वर्षं. सव्वीस पुस्तकं. मी कामावर जाताना त्यांना रोज त्या जिन्याशी सोडत असे. गुडघे दुखायला लागले तरी त्या वर गेल्या, घसा बसला तरी गेल्या.

मग संस्थेला नवे संचालक आले. कपडे इस्त्रीचे, बोलणंही इस्त्रीचं. त्यांनी ठरवलं की सगळ्या कॅसेट कॉम्प्युटरवर घ्यायच्या. यात वाईट काही नव्हतं. कॅसेटचं यंत्र मिळणंच दुर्मीळ झालं होतं. त्यासाठी त्यांनी एक तंत्रज्ञ आणला. हा सगळं काम कॉम्प्युटरच्या पडद्यावर, आवाजाच्या चढउतारांच्या रेषा बघून करायचा. ऐकायचा कमी, बघायचा जास्त. बाकी काय झालं ते आम्हाला समारंभाच्या दिवशी कळलं.

समारंभ एका शाळेच्या सभागृहात होता. अंध मुलं फोटोत नीट यावीत म्हणून त्यांना पहिल्या रांगेत बसवलं होतं. वाचकांना मागं. संचालकांनी भाषण केलं, आणि म्हणाले, आता स्वच्छतेआधीचा आणि नंतरचा आवाज ऐका.

आधीचा आवाज सासूबाईंचा होता. “थर, टक, मो, टकटक, डाय, टक, नॅम, टकटक, इक, टक टक टक.” सभागृहात हशा पिकला. संचालकही हसले. मग त्यांनी नंतरचा लावला. त्यात टक नव्हती. मधल्या थांबण्याच्या जागाही नव्हत्या. मशीननं त्या रिकाम्या समजून चिकटवून टाकल्या होत्या. “थरमोडायनॅमइक” असं काहीतरी एका दमात निसटून गेलं. टाळ्या पडल्या. चार तासांचा धडा आता अडीच तासांत ऐकून होतो, असं संचालकांनी सांगितलं. पुन्हा टाळ्या.

पहिल्या रांगेत एकानंही टाळी वाजवली नाही. तिथून एक मुलगी उठून उभी राहिली. तिला सगळे वकील म्हणत, कारण ती कुणाशीही वाद घालायची. त्या संस्थेतून भौतिकशास्त्र घेतलेली ती त्या वर्षी एकटीच. सगळ्यांनी तिला सांगून पाहिलं होतं, संगीत घे, इतिहास घे. कॉलेजच्या प्राचार्यांनी तर लेखी दिलं होतं की वार्षिक परीक्षेत भौतिकशास्त्रात नापास झालीस तर विज्ञान शाखेतली जागा जाईल. परीक्षा बारा दिवसांवर होती.

“सर, टक कुठं गेली?” तिनं विचारलं.

“बाळा, तो कचरा होता. काढला,” संचालक माइकवरूनच म्हणाले.

माझ्या शेजारची खुर्ची रिकामी झाली. सासूबाई दुखऱ्या गुडघ्यांनी मधल्या वाटेनं पुढं निघाल्या होत्या. मी मागं धावले.

“कॅसेट कुठं आहेत?” त्यांनी विचारलं.

“कुठल्या, मॅडम?”

“माझ्या. मूळच्या.”

संचालकांनी तंत्रज्ञाकडं पाहिलं. त्यानं कबूल केलं. कपाट रिकामं करायचं होतं, म्हणून उतरवून झालेल्या सगळ्या कॅसेट भंगारात गेल्या होत्या. तो एवढा नमुना ठेवला होता, लोकांना हसवायला.

“हे धुतलेलं ऐकून कुणी तपासलं?” सासूबाईंचा आवाज चढला नव्हता, आणि त्याचीच मला भीती वाटली. “या पोरांपैकी एकाला तरी विचारलंत?”

“आमच्या टीमनं तपासलंय, मॅडम. अतिशय सुखद वाटतो आवाज.”

“सुखद? मी काय अंगाई गात होते?”

सगळी संस्था ज्यांच्यासाठी, त्यांतल्या एकालाही यांनी ऐकायला बसवलं नव्हतं. डोळसांनी वाचलं, डोळसांनी धुतलं, डोळसांनी पसंत केलं. डोळे असून आंधळे म्हणतात ते उगाच नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काहीतरी बोलणार तेवढ्यात तंत्रज्ञाला पुष्पगुच्छ द्यायला पाहुणे उठले, आणि आम्हाला बाजूला व्हायला सांगण्यात आलं. फोटोत येत होतो म्हणे.

दुसऱ्या दिवशी सासूबाई पुन्हा वाचायला म्हणून वर गेल्या. संचालकांनी नव्या नियमांचा कागद दाखवला. पार्श्वध्वनी चालणार नाही. टक केली तरी मशीन ती आपोआप काढणार. “तुम्ही नुसतं सरळ वाचा ना,” ते म्हणाले. सासूबाईंनी तो कागद त्यांच्या टेबलावर उलटा ठेवला आणि जिना उतरून आल्या. त्यानंतर त्या तिथं कधी गेल्या नाहीत.

वकील त्याच संध्याकाळी आमच्या घरी आली. तिचे दहा धडे जुन्या कॅसेटवर झाले होते. उष्णतेचे चार राहिले होते, आणि ते तिच्या हातात आले ते धुतलेले. तिनं मोबाइल टेबलावर ठेवला आणि म्हणाली, “बाई, मी रेकॉर्ड करते, तुम्ही फोडा.”

परीक्षेपर्यंत आमच्या स्वयंपाकघरात फक्त उष्णता होती. सासूबाई सकाळी दोन तास आणि दुपारी दोन तास वाचायच्या. अडुसष्टाव्या वर्षी घसा साथ देत नाही. मध्येच खोकल्याची उबळ यायची, वकील पाण्याचा पेला अचूक पुढं करायची. मी रजा टाकली. माझी भूमिका लेखनिकाची, सरावात आणि पेपरातही. मी कॉमर्सची, त्यामुळं नियमात चपखल बसले. आयसोथर्मल, अ‍ॅडिआबॅटिक, थर्मोडायनॅमिक. अर्थ मला काडीचा कळत नव्हता, पण तुकडे ओळखीचे झाले. दहाव्या दिवशी वकीलबाईंनी सांगितलेलं अख्खं पान माझ्याकडून एका चुकीशिवाय उतरलं. सासूबाईंनी ते चष्मा लावून तपासलं आणि मला म्हणाल्या, “बरं आहे.” बावीस वर्षांच्या संसारात हे मी पहिल्यांदा ऐकलं.

पेपराच्या दिवशी आम्हाला कोपऱ्यातली वेगळी खोली दिली होती. वकील माझ्या शेजारी, आणि दाराशी पर्यवेक्षक. पहिले दोन प्रश्न झकास गेले. ती सांगायची, बोटाचं पेर टेबलावर वाजवायची, मी लिहायची. तिसऱ्या प्रश्नाला पर्यवेक्षक उठून आले.

“हे काय चाललंय? टेबल का वाजवताय?”

“शब्द फोडून सांगतेय, सर,” ती म्हणाली.

“एक टक, दोन टक? या खुणा आहेत. मला शिकवू नका, वीस वर्षं पेपरावर बसतोय मी.”

मी त्यांना समजावलं. एक म्हणजे घास, दोन म्हणजे सांधा, तीन म्हणजे शब्द संपला. मी जितकं समजावलं तितकी त्यांची खात्री पटली. एवढी शिस्तशीर टकटक म्हणजे ठरवून केलेली कॉपीच असणार! त्यांनी माझ्या हातातून उत्तरपत्रिका काढून घेतली आणि केंद्रप्रमुखांना बोलवायला गेले. जाताना दार बाहेरून लावून घेतलं.

घड्याळ माझ्या समोर भिंतीवर होतं. वकीलला ते दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. ती म्हणाली, “ताई, किती मिनिटं झाली?” मी म्हटलं, दहा. पुन्हा विचारलं तेव्हा वीस झाली होती. त्यानंतर तिनं विचारलं नाही. माझ्या हाताला काम नव्हतं, आणि मला कुणाचं तरी नरडं धरावंसं वाटत होतं. खरं सांगते, धरलं असतं.

केंद्रप्रमुख आले, नियमांचं पुस्तक चाळलं, त्यात टकटक कुठंच सापडली नाही. म्हणून त्यांनी मधला मार्ग काढला. पेपर पुढं चालू द्या, पण टेबल वाजवायचं नाही. वेळ वाढवून देण्याचा अधिकार आपल्याला नाही. अडतीस मिनिटं गेली होती.

वकील टेबलावरचे हात उचलून मांडीवर घेऊन बसली. ती नुसत्या तोंडानं तुकडे सांगू लागली. मला शब्द कुठं संपला ते कळेना. मी दोन शब्द एक केले, एकाचे दोन केले, तिला पुन्हा पुन्हा विचारलं, ती न चिडता पुन्हा पुन्हा सांगत राहिली. तिनं चिडायला हवं होतं. शेवटच्या प्रश्नाला बारा मार्क होते. उत्तर तिला अथपासून इतिपर्यंत पाठ होतं. ते आमच्या ओट्याशेजारी तिनं तीनदा घडाघडा म्हटलेलं मी ऐकलं होतं. त्यातल्या चार ओळी लिहून झाल्या आणि घंटा झाली. मी पेन सोडेना. पर्यवेक्षकांनी कागद ओढून घेतला.

निकाल लागला. तीन मार्कांनी नापास.

प्राचार्यांनी तिला बोलावून कला शाखेचा फॉर्म दिला. वर म्हणाले, “आम्ही सुरुवातीलाच सांगितलं होतं, हा विषय तुम्हा लोकांना झेपणार नाही.” आम्ही केंद्राकडं अर्ज केला, संस्थेकडं केला. केंद्राचं उत्तर आलं की पर्यवेक्षकांनी कर्तव्य बजावलं. संस्थेचं आलं की टकटक हा प्रकार संस्थेच्या अधिकृत पद्धतीचा भाग नाही. प्रत्येकाचे हात स्वच्छ. एकोणीस वर्षांचा आवाज भंगारात गेला, एका पोरीचं शिक्षण गेलं, आणि चूक म्हणून कुणाची नाहीच. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर फाशी देणाऱ्याला पुष्पगुच्छ.

त्या संध्याकाळी वकील आमच्या घरी आली तेव्हा सासूबाई ओट्याशी उभ्या होत्या. मला वाटलं होतं, त्या आता भांडी आपटतील. त्या आपटेनात. मुलीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, “मला आधी कळायला हवं होतं गं. कॅसेट माझ्या होत्या. एक तरी घरी आणून ठेवायला हवी होती.” आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांच्या रागाला मी कधी घाबरले नाही, पण ते पाणी बघून घाबरले.

वकीलनं खिशातून कला शाखेचा तो फॉर्म काढला. कोराच होता. तिनं तो मला दिला आणि म्हणाली, “ताई, हा केरात टाका. मी पुढच्या वर्षी बाहेरून बसणार. याच विषयाला.” मग खुर्ची चाचपडून बसली, मोबाइल टेबलावर ठेवला आणि सासूबाईंच्या दिशेनं मान करून म्हणाली, “फक्त बाई, माझं होईपर्यंत तुम्ही मरायचं नाही. कबूल?”

सासूबाईंनी पदरानं डोळे पुसले.

“मरायला सवड कुणाला आहे?” त्या खेकसल्या. “सव्वीस पुस्तकं पडलीत. चालू कर ते.”